साडेसदतीस माणसं

रात्री सव्वादहाला तक्ता म्हणतो, साडेसदतीस माणसं लागतील.
मी अडतीस लिहिते.
अर्धा माणूस दुमागेतेत कुणी पाठवत नाही.

बाहेर समुद्राची चिकट हवा,
आत एसी असा की सगळे स्वेटरात,
आणि पडद्यावर सास्काटून : उणे छत्तीस.
तिकडे सकाळी घरं तापवणाऱ्या भट्ट्या विझतात,
इकडे माझी रांग चढते.
अकरा. एकोणीस. चव्वेचाळीस.

गळती तीस टक्के धरलेली आहे.
गळतीत दिंदोची जुळी येतात, आलटून पालटून तापलेली,
सिकिहोरहून येणारी बोट चुकलेला नोनॉय येतो,
लघवी येते, प्रशिक्षण येतं,
आणि मार्लाचं जिन्यात बसून राहणं,
ज्याला सिस्टीममध्ये कोडच नाही.

मी जेवणं पुढे ढकलते.
चिरीता मान हलवते. तिच्या डब्यातला भात
दुसऱ्यांदा गार झालाय.

मग सत्तावीस नंबरचा चौकोन लाल होतो.
सरासरी सहा मिनिटं चाळीस सेकंद,
हे तेविसावं मिनिट.
एकोणतिसावं.
मी हेडफोन लावून गुपचूप ऐकते.
जिझेल कुणा म्हातारीला सांगतेय :
बटण दाबून धरा, सोडू नका, मी आहे.
पलीकडे श्वास. काडी ओढल्याचा आवाज. पुन्हा काडी.
हात थरथरतात गं, म्हातारी म्हणते.
थरथरू देत, जिझेल म्हणते, आपल्याला घाई नाही.

आपल्याला घाई नाही!
रांगेत एक्कावन्न जण,
आणि मनिलाहून साहेबांचा मेसेज : सत्तावीसचं काय चाललंय?
मी लिहिलं, प्रशिक्षण.
नोंदही तशीच केली.

एकेचाळिसाव्या मिनिटाला
फप्प असं काहीतरी झालं.
ज्योत धरली असावी.
दोघीही बोलल्या नाहीत.
ते न बोलणंही मी मोजलं, सवयीनं : चौदा सेकंद.

पहाटे नोंदी बंद करण्याआधी
तो कॉल प्रशिक्षणातून काढून परत कॉलमध्ये टाकला.
साहेब विचारतील, विचारू देत.
तिथेच राहिला असता तर
पुढच्या जानेवारीच्या तक्त्याला कळलंच नसतं
की एखाद्या काडीला एकेचाळीस मिनिटं लागतात.
आकडा हलला, अगदी नखाएवढा.
सदतीस पूर्णांक बावन्न.

सहाला चिरीतानं डबा उघडला,
वास घेतला,
आणि माझ्याकडे न बघता
अर्धा भात झाकणात काढून माझ्यापुढे सरकवला.