शुक्रवारी, पान उलटून

माझं मशीन दोऱ्याचं. एकदा फिरवलं
की दुभाजक असा निघतो,
न्हाव्याच्या खुर्चीतून उठल्यासारखा.
मी सुपडू गांगुर्डे, उद्यान विभाग, सिडको.
गुलाब सोडून जे काही उगवतं
त्याला माझ्याकडे एकच शब्द होता: कचरा.

नासर्डीच्या पुलाजवळ, दुभाजक जिथे रुंद होतो,
आणि खाली वाहतं त्याला नदी म्हणायचं की नाला
हे आमच्यात अजून ठरलेलं नाही,
तिथे रुईची सात झाडं.
लावली कुणीच नाहीत.
कापली की चीक उडतो, गणवेशावर डाग राहतो.
पंधरवड्यात पुन्हा हजर,
उधारी मागायला आल्यासारखी.

शुक्रवारी झुंबरबाई येते,
शनिवारच्या माळांसाठी पानं खुडायला.
त्या दिवशी मी मशीनची दोरी ओढली
तशी ओरडली, "थांब रे मेल्या,
इथे बाळंतपण चाललंय."

पान उलटून दाखवलं.
खसखशीच्या दाण्याएवढं एक पांढरं अंडं.
शेजारच्या पानावर अळी,
काळ्यापिवळ्या पट्ट्यांची, अंगावर शिंगांच्या जोड्या,
आणि खाण्याचा आवाज नाही, फक्त
पान कमी होत जातं.

"तुला माया आली काय अळीची?" मी विचारलं.
"माया कसली! इंदिरानगरच्या एका बाईच्या माळेत
अळी निघाली. देवळात किंचाळली ती.
गिऱ्हाईक गेलं, तेव्हापासून उलटून बघते.
भरलेलं पान झाडाला, रिकामं मारुतीला."

मग मलाही सवय लागली.
दुपारी डबा खाताना
निळाकाळा भुंगा रुईच्या फुलावर बसतो,
एवढं वजन, आणि फूल वाकत नाही.
कडेला एकदांडी, रानतुळस, वाळलेला खुळखुळा.
खुळखुळ्यावर ती तांबूस फुलपाखरं
दारूच्या दुकानासारखी गर्दी करतात.
कॅमेरावाली एक पोरगी म्हणाली, बिबळ्या कडवा.
रुईचा चीक पोटात भिनलेला,
पाखरू एकदा चाखतं, पुन्हा नाही.

पाळदे मुकादम आले. "ही सात का ठेवली?"
"मारुतीची आहेत साहेब."
त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.
"इथे मारुती कुठाय?"
"शनिवारी असतो."
त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं:
धार्मिक कारणास्तव.

दिवाळीनंतर सुशोभीकरण आलं.
ठेकेदाराचा ट्रक, कुंडीतले पाम,
आणि हिरवा गालिचा, ज्यावर
मुंगीसुद्धा थांबत नाही.
सहा गेली. सातवं चेंबरच्या झाकणाला चिकटून होतं,
तिथे जेसीबीचा दात पोचला नाही.
झुंबरबाई काही बोलली नाही.
त्या शनिवारी तिच्या माळा तोकड्या होत्या,
देवाने चालवून घेतल्या असतील.

उन्हाळ्यात त्या एका झाडाची बोंडं फुटली.
म्हाताऱ्या उडाल्या. सिग्नलला थांबलेल्या पोरांनी
हेल्मेटं काढून फुंकर मारली.
एक बँकेच्या पायरीशी रुजली,
एक अंबडच्या कारखान्याच्या तारेखाली,
आणि एक, खरं सांगतो,
आमच्याच विभागाच्या फाटकात,
जिथे सगळे जाळीवर पाटी वाचायला थांबतात
आणि खाली कुणी बघत नाही.

परवा त्या चेंबरपाशी कोष फाटला.
ओले पंख, चुरगळलेल्या नोटेसारखे.
सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, परत लाल.
मागचे हॉर्न वाजवत राहिले.
मला वाटलं उडेल. नाही उडालं.
माझी पाळी संपली, मी घरी गेलो.

आता प्रत्येक दुभाजकाच्या टोकाला
मी वीतभर विसरतो.
मशीनचा दोरा महिन्याला एक बंडल लागायचा,
आता पाच आठवडे पुरतो.
हिशेब अजून कुणी विचारलेला नाही.