शंभर भरेपर्यंत

पोर्वेनीरच्या दवाखान्यात रात्रपाळीला मी एकटीच.
सामुद्रधुनीवरचा वारा छपराच्या पत्र्याला दात लावतोय.
टेबलावर दोन काचा:
एलेउतेरिओ मान्सिया, मेंढ्या कातरणारा, वय एकसष्ट.
ओदिलिया, त्याची बायको. वयाची जागा कोरी,
तिने सांगितलं नसणार.

रविवारी दोघं कालाफातेची फळं तोडायला गेली होती.
एकाच झुडपाने दोघांना बोचकारलं,
त्याला अंगठ्यात, तिला करंगळीत.

त्याचा अंगठा मी पाहिलाय.
वांग्यासारखा तुकतुकीत, गरम,
शिव्या देत देत तो हात उशीवर ठेवून बसलाय.

आधी त्याची काच.
सुकलेल्या थेंबात ही गर्दी,
तीन-तीन, चार-चार पाकळ्यांची जांभळी केंद्रकं.
बोटाखालचं यंत्र टिकटिकतं:
एक, एक, एक, हा दुसऱ्या जातीचा, पुन्हा एक.
चार मिनिटांत शंभर.

यांना पत्ता कुणी देत नाही.
मांस फाटतं, त्याचा वास सुटतो,
आणि भर वेगाने वाहणारी एखादी पेशी
शिरेच्या भिंतीला हात लावून बघते,
रेंगाळते, घरंगळते, थांबते,
मग स्वतःला लांबट करून दोन विटांमधून बाहेर.
तिला माहीत असावं की परतीची वाट नाही.
असावं, असं मीच म्हणते. तिला काही माहीत नसतं.
जंतू गिळायचे आणि त्यांच्यासकट मरायचं,
दिवस-दीड दिवसाचं सगळं आयुष्य.
सकाळी नर्स कापसाने जी घाण पुसते
ती कालची पाळी असते,
घरी न परतलेली.

मग तिची काच.

तिची करंगळी शांत आहे.
सूज नाही, लाली नाही, पू तर नाहीच.
एवढीशी काळी टिकली, आणि ताप अडतीस पॉइंट चार.
नवरा म्हणाला, हिचं बघा, हिला काट्याने सोडलं.
पलीकडच्या किनाऱ्यावर तिला गेल्या पंधरवड्यात
औषधाची तिसरी बाटली चढली,
गाठीसाठी.
गाठीबरोबर मज्जेतली भट्टीही विझली.

मी काच सरकवते. तांबड्या पेशी, तांबड्या पेशी,
गवत नसलेलं कुरण.
सरकवते.
एक लिम्फोसाइट सापडते, गोल, घुमी.
हिला कदाचित ओदिलियाच्या लहानपणचा गोवर आठवत असेल.
पण गोवराच्या आठवणीने काटा निघत नाही.
यंत्र गप्प.
अर्ध्या तासात अकरा.
शंभर भरत नाहीत.

काट्याचा नायटा होतो म्हणतात.
इथे तर नायटाही होत नव्हता,
दार सताड उघडं आणि कुत्रं भुंकत नव्हतं.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.
डॉक्टर झ्लाटार बूट न घालता उठली.
बंदर वाऱ्यामुळे बंद, बोट नाही,
मग जी होती ती प्रतिजैविकं शिरेतून,
मज्जेला हाक मारणारं इंजेक्शन पोटात,
आणि एलेउतेरिओ दाराबाहेर,
त्या वांग्यासारख्या हाताची लाज वाटल्यासारखा
तो पाठीमागे लपवून.

रोज एक काच.
नऊ. सात. सात.
पाचव्या दिवशी मी काच दोनदा पुसून पाहिली, डाग असेल म्हणून.

आठव्या दिवशी, काचेच्या अगदी कडेला,
घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं केंद्रक.
अजून पाकळ्या फुटलेल्या नाहीत.
वयात यायच्या आत वेशीबाहेर काढलेलं शिंगरू,
पाय लटपटत असणार.
मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

दुपारी वर गेले तर ओदिलिया वैतागलेली.
करंगळी माझ्या नाकासमोर धरून म्हणाली,
बघ, काय केलंत हे. लाल झालीय.
रात्रभर ठणकत होती.

खूप ठणकली? मी विचारलं.
खूप, ती म्हणाली, आणि तू हसतेस काय?

खाली येऊन काच पुन्हा लावली.
सदतीस. अडतीस.
एकोणचाळीस.