पाचशे चाळीस

थर्मामीटरचा काटा दुपारी तीनपासून
शंभराच्या घरात बसून आहे.
बसलाय म्हणजे बसलाच,
वाटेत अडलेल्या तट्टासारखा.

मी लाकडं टाकतोय.
दर सात मिनिटांनी भट्टीचं दार उघडायचं,
तोंड फिरवायचं, चार ओंडके आत, दार बंद.
वर लांबलचक कढईत मेपलचा रस.
चाळीस बादल्यांतलं पाणी हवेत जाईल
तेव्हा एक बादली काकवी हाती लागेल.
बोसच्या या रानात
पोरंसुद्धा एवढा हिशोब तोंडी सांगतात.

शाळेत मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं:
बर्फाइतकं गार पाणी उकळीला न्यायला शंभर,
आणि उकळत्याची वाफ करायला
वर आणखी पाचशे चाळीस.
त्या पाचशे चाळिसात काटा हलत नाही.
अप्रकट उष्मा.
परीक्षेत मी हे बरोबर लिहिलं,
दोन गुण मिळाले.
कळलं काहीच नव्हतं.
कळायला आधी पाठ भरून यावी लागते.

मादाम फ्लोरेट झाऱ्याने फेस काढतात.
कढईवर दोरीला चरबीचा तुकडा टांगलाय,
फेस चढून त्याला शिवला
की गप खाली बसतो.
त्यांच्या मनगटावर गुलाबी, गुळगुळीत पट्टा आहे,
लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामातला.
'उकळत्या पाण्याने भाजतं,' त्या म्हणतात,
'पण वाफ लबाड नाही रे.
जेवढं खाल्लं तेवढं सगळं
अंगावर परत टाकते.'

कोपऱ्यात खुर्चीवर रोझेर.
गुडघ्यांवर घोंगडी, उजवा हात घोंगडीवर
कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
ही लाकडं त्यांनीच फोडलेली,
दोन शरदांपूर्वी, याच हाताने.
ओलं लाकूड घातलं
तर विस्तव आधी लाकडातलंच पाणी उकळत बसतो,
म्हणून दोन वर्षं पुढचं फोडून ठेवायचं.
त्यांचे घाव सरळ असत.
ओंडक्याची फाक हातात घेतली की कळतं,
हा माणूस दुसऱ्यांदा कुऱ्हाड उचलत नव्हता.

मंगळवारी नि शुक्रवारी गावातून एक पोरगी येते,
त्या हातात रबरी चेंडू ठेवते.
दाबा. दाबा. अजून एकदा.
मादाम शेजारी बसून आकडे मोजतात.
ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत
किती आकडे झाले असतील, देव जाणे.
चेंडू अजून नव्यासारखा गोल आहे.

रात्री दीडच्या सुमाराला
छपराच्या पत्र्यावरून थेंब गळायला लागतात.
बाहेर उणे नऊ, आत वाफेचं धुकं,
माझा शर्ट कोरडा नाही, माझे केस गोड लागतात.
आणि मग काटा हलतो.
एकशे एक. एकशे दोन.
एवढ्या वेळानंतर त्याची घाई बघून
मला चक्क राग येतो.

एकशे चारला तोटी सोडायची.
मी काट्याला डोळा लावून उभा,
तेवढ्यात मागे ठक्.
रोझेरच्या डाव्या हाताची मूठ
खुर्चीच्या दांडीवर. एकदाच.
चाळीस हंगाम ते असंच ठोकून सांगायचे,
नुसत्या वासावरून: आता.

मी म्हणालो, मादाम, अजून एकशे तीनच...
त्यांनी काट्याकडे पाहिलंही नाही.
तोटी सोडली.

काकवी पातळ निघाली.
चमच्यावरून पडद्यासारखी नाही,
थेंबाथेंबाने पडली.
रोझेरनी ते पाहिलं का, ठाऊक नाही,
त्यांचे डोळे मिटलेले होते.
अशी काकवी टिकत नाही, उन्हाळ्यात आंबते.
मादामनी अकरा बरण्या भरल्या,
झाकणांवर तारीख घातली,
वेगळ्या फळीवर मांडल्या.
'या आपण आधी संपवू,' म्हणाल्या,
आणि नव्या रसाचा नळ उघडला.

काटा पडला, चढला,
पुन्हा शंभराशी येऊन बसला.

मी भिंतीकडे पाहिलं.
त्यांनी फोडलेल्या लाकडांच्या
अजून तीन रांगा आहेत.
चौथी मी फोडलेली,
वाकडीतिकडी,
आणि ओली.