पखालीचं तोंड

मुहर्रकजवळ समुद्र गोडा करण्याच्या कारखान्यात
मी रात्रपाळीला बाटल्या भरतो, मीठ मोजतो.
आकडा विचित्र आला तर
आधी यंत्र तपासायचं, मग पाणी.
सात वर्षं हेच.

शुक्रवारी मात्र मी दुभाष्या.
गुदैबियात भाड्याचा हॉल, चाळीस खुर्च्या,
बाहेरगावचा पाहुणा, कडक इस्त्रीचा.
तो इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत.

सालोमीबाई उजगरे पुढं आल्या.
दोन घरची कामं; मुलगा श्रीरामपूरला,
महिनाभर फोन नाही.
पाहुण्यानं डोळे मिटले, म्हणाला,
मला वाटतं, तो सुखरूप असावा.
मी म्हणालो,
प्रभू म्हणतो, तो सुखरूप आहे.

एवढंच.
हॉल हालेलुयांनी दणाणला.
बाईंनी रुमालाची गाठ सोडली,
पाच दिनार झोळीत.

रात्री गेटवरचा अबू जासिम चहा ओतत सांगत होता:
त्याचा आजा समुद्रात बुडी मारून
गोडं पाणी आणायचा. तळाशी झरे होते तेव्हा.
चाखायचं कसं? तोंड उघडलं की खारंच आत.
तळहातानं चाचपायचं. गार लागेल तिथं
पखाल उघडायची,
आणि वर येईपर्यंत तिच्या तोंडावर अंगठा.
'आणि अंगठा सुटला तर?'
'तर पखाल भरलेली, घर तहानलेलं.'

मेंढराच्या कातड्यातला लांडगा
मी त्या सुटाखाली शोधत होतो, खोटं कशाला बोलू.
आत्म्यांची परीक्षा करा म्हणे,
आणि मी परीक्षकाच्या खुर्चीत
अंगठा सोडून बसलेलो.

पुढच्या शुक्रवारी चपलांच्या ढिगापाशी
बाईंना गाठलं, सगळं ओकलो.
त्या सँडलचा पट्टा लावत राहिल्या.
'तेवढं इंग्रजी येतं मला.
आमची मॅडम रोज म्हणते, मला वाटतं,
आणि पगार कापते.'

'मग पैसे का टाकलेत?'

'ते देवाला. तुम्हा दोघांना नाही.'

मग सरळ माझ्याकडं बघून:
'आता खरं काय ते सांग.'
'तुमच्या मुलाचं मला काही माहीत नाही.'
'हां,' त्या म्हणाल्या,
पट्टा सोडला, पुन्हा आत आल्या,
रिकाम्या खुर्च्यांत गुडघे टेकले.

'आता कर प्रार्थना.'