खानेसुमारी

कुताईसीतल्या आमच्या उताराच्या गल्लीत
आता सात माणसं उरलीत आणि अकरा मांजरं.
माणसांची नोंद पालिकेत आहे.
मांजरांची माझ्याकडे.

नोटरी गेला पोलंडला, ट्रक चालवायला.
जाताना माझ्या पायरीवर एक करडा बोका सोडून गेला.
दोन दिवस मी त्याला नुसतं ‘ए’ म्हणत होते.
तिसऱ्या दिवशी तो माझ्या विजेच्या बिलावर बसला,
चारही पंजे जुळवून, शिक्का मारल्यासारखा.
तेव्हापासून तोच नोटरी.

पियानो शिकवणाऱ्या लामाराची पांढरी, ठार बहिरी.
ताटली आपटली तरी येत नाही,
पायाखालची फळी हलली की येते.
तिला मी ‘बाई’ म्हणते, अहोजाहो करते.

आणि डॉक्टर.
एतेरी इथे अख्ख्या आळीचे दात काढायची,
आता बारीत, समुद्राकाठी,
एका इटालियन म्हातारीची कवळी धुते.
पैसे बरे मिळतात, म्हणते.
तिची मांजर पिवळी, डावा सुळा अर्धा.
तिला दुसरं काय नाव ठेवणार?

आज सकाळी आलुबुखारं झोडपली.
हिरवी, टणक, अशी आंबट
की नुसतं नाव काढलं तरी कानामागे कळ येते.
अंगणात चूल पेटवली, पातेलं चढवलं,
लसूण, कोथिंबीर, मिरची दगडावर ठेचून ठेवली.
ओंबालो तेवढा खुडायचा राहिला होता.
पुदिन्याचीच जात, पण रानटी;
त्याच्याशिवाय त्केमाली म्हणजे नुसतं आंबट पाणी.
गेले, तर वाफ्यात डॉक्टर पसरलेली,
चारी पाय वर, शुद्ध हरपून,
निम्मा ओंबालो पाठीखाली सपाट.
मी ओरडणार, इतक्यात फोन.

“त्सियाला, ती कुठेय? दाखव ना जरा.”
एका हातात फोन, एका हातात डाव,
मी वाफ्यापाशी उकिडवी बसले.
एतेरीने आवाज बारीक केला,
लहान मुलाला ‘आ कर’ म्हणतात तसा:
“ये गं माझी शहाणी, ये गं.”

मांजरीचे कान मागे गेले.
कांद्याच्या पातीतून, टोमॅटोच्या काठ्या पाडत
ती थेट घराखाली घुसली,
मी कुदळ ठेवते त्याच्याही पलीकडे.

क्षणभर बारीहून काही ऐकू आलं नाही.
मग एतेरी हसली. हसता हसता एप्रनने डोळे पुसले.
“ओळखलं गं! जंताच्या गोळ्या आठवल्या मेलीला.
दोन वर्षं झाली, तरी ओळखलं!”

तोवर पातेलं बुडाला लागलं होतं.
माझं नाक बघूनच तिला कळलं.
“ढवळू नकोस. वरचं वर दुसऱ्यात ओत.”
ओतलं.
“चाख.”
चाखलं. माझा एक डोळा आपोआप मिटला,
आणि तिकडे तिचाही.
आतून म्हातारीची हाक आली, फोन बंद झाला.

सात बाटल्या भरल्या, आठवी अर्धीच.
जराशी जळकी आहे, आधीच सांगून ठेवते.

नातिया थेस्सालोनिकीहून दर रविवारी विचारते,
“आई, कधी येतेस?”
मी म्हणते, बाटल्या मुरू देत.
मग म्हणते, लसूण लावायचाय.
मग द्राक्षं.

परवापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी
एक बारकं पिल्लू येऊन बसतं.
काळं, नाकावर पीठ सांडल्यासारखा डाग.
आत येत नाही. प्रत्येक भांड्याचा वास दुरूनच घेतं
आणि मीठ कमी असल्यासारखं तोंड फिरवतं.
अकरात त्याला अजून धरलेलं नाही.
नाव सुचलंय.
ठेवत नाही.