समास

डुलुथला सरोवर गोठलंय. खिडकीशी इंगेबोर्ग हाल्वर्सन,
हातात पेन. पेन्सिल तिला भित्र्यांची वाटते.
रविवारचं शब्दकोडं, कॉफी,
आणि तक्रारीसाठी परजून ठेवलेली जीभ.

सायबेरियातली कुठली तरी तीन अक्षरी नदी
नुसतं भोक बुजवायला आणून कोंबतात,
तेव्हा तिला ऑरिन आठवतो. सुतार होता.
पुट्टी दिसली की समजावं, म्हणायचा, माप चुकलंय.

आज मात्र आडवे चारही लांब शब्द
एकेका अक्षरानं तोकडे.
छापणाऱ्याचा घोळ, ती म्हणते.
अर्ध्या तासानं म्हणते, नाही, मीच म्हातारी झाले.
तोवर उभे शब्द मुकाट बसत जातात,
तवा, बटण, मावशी, लोणी,
रोजच्या तोंडातले, कुणी कुणाला न रेटणारे,
खाचेत खाच.

आणि अगदी तळाशी, उजवीकडे, सूचना:
‘आत मावलं नाही तर?’

पेन थबकतं.
मग जाड काळ्या रेघेपलीकडे, कोऱ्या समासात,
जिथे आजवर तिनं फक्त किराण्याचे हिशेब केले,
ती एक अक्षर ठेवते.
दुसरं. तिसरं. चौथं.
वरून खाली वाचते: उंबरठा.

अस्सं, म्हणते. एवढंच.
गार कॉफी घोटभर.

एक घर उरलंय, एकोणचाळीस उभा. नदी, तीन अक्षरी.
ती भरते, कुरकुर न करता.
याच टेबलाच्या एका पायाखाली
ऑरिननं घातलेला पुठ्ठा
आहेच की अजून.