पात शेवटी

आडनाव झोपे,
आणि बारा वर्षं झाली, पहाटे चारला उठतो.
फैजपूरच्या नाक्यावर गिऱ्हाईक अजून यावर हसतं.
मीही हसतो, हसण्याचे पैसे लागत नाहीत.
बाकी सगळ्याचे लागतात:
तेलाच्या डब्याचे, निळ्या सिलिंडरचे,
लायसन बघायला येऊन शेवभाजी खाऊन जाणाऱ्या साहेबाचे.
साहेबाचे मीच खिशातून गल्ल्यात टाकतो,
हिशेब चुकू नये म्हणून.

केळीचा एक बिघा विकला तेव्हा
वडील नाही म्हणाले नव्हते, फक्त विचारलं होतं,
"लोकं घरी नाही जेवत का, तुयाकडे येतीन ते?"
त्याचं उत्तर मी रोज सकाळी
फळ्यावर खडूनं लिहितो.
शेवभाजी. डाळगंडोरी. कळण्याची भाकरी.
थंडी पडली की खाली, मोठ्या अक्षरांत,
भरीत.

मार्गशीर्षात तीनशे पानांची ऑर्डर आली,
साखरपुड्याची.
विसार पाचशे एक, आणि ओळखीचं हसू.
बामणोदची हिरवी वांगी, सव्वा क्विंटल,
लुकमान तडवीनं पऱ्हाटीच्या जाळावर भाजली.
ठसका पार बसस्टँडपर्यंत.
बडजीत ठेचताना त्याची लय मोडू नये
म्हणून मी त्याच्याशी बोललोही नाही.

दहा वाजता फोन आला:
मुलगी नाही म्हणाली.
एवढंच.
तिचं बरोबरच असेल.
पण तिला काय ठाऊक, तिच्या एका नाहीखाली
सव्वा क्विंटल वांगी भाजून पडलीत.

भरीत थांबत नाही.
दुपारी ते माझं, दिवेलागणीला माश्यांचं.
लुकमाननं फ्रीजकडे पाहिलं, मग मीही.
आत पाण्याच्या बाटल्या
आणि त्याचं इन्सुलिन.
शालिनी पुऱ्या लाटतच होती,
कुणी तिला थांब म्हटलं नव्हतं.

बारा वर्षांत पहिल्यांदा गल्ला उघडा टाकून
मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.
सावद्याकडे निघालेला केळीचा ट्रक हात करून थांबवला.
मग दुसरा. मग बंद पडलेल्या एसटीतली माणसं.
"पैसे नको, बसा."
पैसे नको म्हटलं की माणसं आधी घाबरतात.
मग बसतात.

घडांवरून उतरलेली एक म्हातारी,
नाकात चमकी नाही, नुसतं भोक.
सहा पुऱ्या झाल्यावर बोट चाटून म्हणाली,
"चांगलं हाये भो.
पन कांद्याची पात तू आगोदर टाकतो का?
शेवटी टाकाची, जाळावरून उतरल्यावर.
अशी तं शिजून मरते ती."

बारा वर्षं.
लुकमानचं तोंड भाजल्या वांग्यासारखं झालं.
ट्रकनं हॉर्न दिला, म्हातारी गेली,
नाव विचारायचं राहिलं.

रात्री वहीत तोटा लिहिला.
आकडा सांगत नाही, शालिनीही हे वाचेल.

दुसऱ्या दिवशी पात शेवटी टाकली.
लुकमान दोन दिवस गप्प.
तिसऱ्या दिवशी चव घेऊन म्हणाला,
"मीठ कमी लागतं मग."

आठवड्यानं मुलीचा बाप आला,
विसार परत मागायला, दारातच उभा.
पाचशे एक मोजून दिले.
म्हटलं, भरीत आहे, बसा.
बसला.
दोनदा मागून घेतलं.
बिल लावलं.